कार्डावरचा आकडा आणि बाजारातला भाव

ऑगस्ट २०२०मध्ये माइक ट्राउटचं एक बेसबॉल कार्ड लिलावात ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेलं. २००९च्या 'बोमन क्रोम ड्राफ्ट' मालिकेतलं, त्याची सही असलेलं आणि त्या प्रकारातलं एकमेव. दोनच वर्षांपूर्वी ते सुमारे ४ लाख डॉलरला विकत घेतलं गेलं होतं. अशा बातम्या वाचून अनेक जण गुंतवणूक म्हणून कार्डांकडे वळतात आणि काही समजुती डोळे झाकून खऱ्या मानतात.

गैरसमज : कार्ड जपून ठेवलं की भाव वाढतोच.

वस्तुस्थिती : बेसबॉलपटू मिकी मँटलच्या 'टॉप्स' कंपनीच्या १९५२च्या कार्डाला २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. त्या काळी मुलं कार्डं हाताळून, खेळून टाकून देत, म्हणून चांगल्या स्थितीतली फारच थोडी उरली. जुन्या कार्डांचे भाव चढले तशी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी खोकीच्या खोकी जपली आणि कंपन्यांनीही बेसुमार छपाई केली. संग्राहक त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. १९८९चं 'अप्पर डेक'चं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड त्यातलं सर्वांत लाडकं. पण स्थितीसाठी दहापैकी दहा गुण मिळालेल्या त्याच्या प्रतीच हजारोंनी आहेत.

गैरसमज : '१/१' छापलंय, म्हणजे त्या खेळाडूचं तसं दुसरं नाही.

वस्तुस्थिती : इथे सर्वांत जास्त फसगत होते. '०७/५०' म्हणजे पन्नासातलं सातवं, पण फक्त त्या रंगाचं. तेच छायाचित्र निळ्या, सोनेरी, नारिंगी, लाल कडेत वेगवेगळ्या संख्येने येतं. शिवाय छपाईचे धातूचे पत्रे कापून तेही पाकिटांत घालतात : निळसर, किरमिजी, पिवळा, काळा. चारही पत्र्यांवर '१/१'! त्यात 'सुपरफ्रॅक्टर' हे एकच प्रत छापलेलं रूप मिळवलं, की एकाच मालिकेत एका खेळाडूची पाच 'एकमेव' कार्डं झाली. 'मर्यादित काळासाठी' हाही वेगळाच प्रकार. 'टॉप्स नाऊ' या मालिकेच्या कार्डांची मागणी ठरावीक वेळेपुरतीच घेतात आणि जितकी येईल तितकी कार्डं छापतात. मर्यादा वेळेला असते, संख्येला नाही.

संख्या खरोखर कमी असली तरी मागणी खेळाडूच्या खांद्यावर उभी असते. २०१०मध्ये स्टीफन स्ट्रासबर्ग मुख्य लीगमध्ये उतरण्याआधीच त्याचं एकमेव 'सुपरफ्रॅक्टर' १६ हजार डॉलरच्या वर गेलं. पहिल्याच सामन्यात त्याने १४ स्ट्राइकआउट घेतले. ऑगस्टमध्ये कोपर दुखावलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं, गुण दिलेलं कार्ड निर्धोक, हेही पूर्ण खरं नाही. कार्डांच्या स्थितीला गुण देणाऱ्या पीएसए या संस्थेने सर्वांत आधी गुण दिले ते होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध कार्डाला. त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३मध्ये न्यायालयात दिली.

तेव्हा विक्रेत्याने मागितलेला भाव सोडा, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा भाव पाहा. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेली, कोणतं कार्ड किती पाकिटांत एकदा निघतं ही शक्यताही वाचा. नफ्याचा हिशेब करताना लिलावगृहाची दलाली वजा करा आणि करही धरा. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर अमेरिकेचा केंद्रीय भांडवली नफा कर जास्तीत जास्त २० टक्के असतो, तर संग्राह्य वस्तूंवर तो २८ टक्क्यांपर्यंत जातो.