विज्ञानकथेचा संपादक आणि सीमेवरची मराठी

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. आपल्या घरात आजही मराठी आहे. पण बहुतेक मुलांची शाळा हिंदी, कचेरीतला अर्जही हिंदी. त्यातून एक समज पक्का झाला आहे की, मराठी घरापुरती आणि लग्नकार्यापुरती ठीक. विज्ञान शिकायचे तर हिंदी, नाहीतर इंग्रजी.

हा समज किती चुकीचा आहे, हे डॉ. बाळ फोंडके यांच्या कारकिर्दीवरून दिसते. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी संशोधन केले. पुढे 'सायन्स टुडे' या इंग्रजी मासिकाचे संपादन केले. नंतर दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन संस्थेचे ते संचालक झाले. म्हणजे कामाची भाषा इंग्रजी आणि भोवताली हिंदी. तरीही विज्ञानकथा त्यांनी मराठीत लिहिल्या.

१९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा संग्रह इंग्रजीत काढला. त्यात भारतीय भाषांतल्या निवडक १९ विज्ञानकथा आहेत. तमिळ, कन्नड, बंगाली, हिंदी कथांच्या पंक्तीला जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांच्या मराठी कथा बसल्या. मराठी न येणाऱ्या वाचकालाही कळले की, या भाषेत उद्याचा विचार होतो.

यातले नारळीकर तर आपल्या मुलांना फार जवळचे वाटावेत. त्यांचे बालपण बनारसला गेले. घरी मराठी आणि शाळा हिंदी, असेच त्यांचे शिक्षण झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. २० मे २०२५ रोजी ते गेले. पुस्तके मात्र आहेत.

आपल्या मुलांची अडचण खरी आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. मराठीतला 'अणू' हिंदीत 'परमाणु' होतो आणि मराठीतला 'रेणू' हिंदीत 'अणु'. एकच शब्द, अर्थ दोन, मूल गोंधळणारच. पण कथेत शब्द प्रसंगातून येतो, म्हणून तो घोकावा लागत नाही. दोन्ही नावे कळलेल्या मुलाचे नुकसान होत नाही, उलट त्याची समज वाढते.

तेव्हा नागपूरला बाजाराला गेलात, तर नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' किंवा फोंडके यांचा एखादा कथासंग्रह पिशवीत टाकून आणा. गणेशोत्सवात मंडपात एक कथा मोठ्याने वाचू द्या. सरकारकडे मराठी शाळा मागायची ती मागूच; पण मूल घरात मराठी वाचत नसेल, तर त्या शाळेत बसणार कोण?