गोठलेल्या तळ्याची खोली

एकांताचे ऋतू : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण भंडारा डोंगरावर होतो. दुष्काळात बायको आणि मुलगा गेल्यावर तुकोबांनी जवळ केलेला तो एकांत. आजचा माणूसही दुःख सोबत घेऊनच रानात गेला, फक्त त्याच्या रानात बर्फ पडायचा.

हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावचा. १८४२ च्या जानेवारीत त्याच्या थोरल्या भावाला, जॉनला, वस्तरा परजताना बोटाला कापलं. जखम क्षुल्लक होती, पण धनुर्वात झाला आणि दहा-अकरा दिवसांत जॉन गेला, हेन्रीच्याच हातांत. पुढच्या काही दिवसांत हेन्रीचाही जबडा आखडू लागला. त्याच्या अंगावर जखम एकही नव्हती.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, ४ जुलै १८४५ रोजी, तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या १० बाय १५ फुटांच्या झोपडीत राहायला गेला. जमीन त्याचा स्नेही इमर्सन याची. त्याचं ‘वॉल्डन’ हे पुस्तक म्हटलं की आपल्याला साधी राहणी आणि स्वावलंबन आठवतं. पण त्या झोपडीत त्याने आधी लिहून काढलं ते १८३९ मध्ये जॉनबरोबर केलेल्या होडीच्या सफरीचं पुस्तक. भाऊ गेल्यावर जे जमलं नव्हतं, ते तिथं जमलं.

थोरोचा एकांत काही कडकडीत नव्हता. गाव दीड मैलावर, घरी जाऊन जेवून येणं चालूच. टीकाकार हे अजून उगाळतात आणि ते खरंही आहे. पण बर्फ खोल साचला की आठवडा-पंधरवडा झोपडीकडे कोणी फिरकत नसे. त्याचा खरा एकांत हा असा हिवाळ्यातला. आपल्याला हे जरा उलटं वाटेल. आपल्याकडे थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, जत्रा. माणसं एकमेकांजवळ सरकतात. एका जागी थांबून आत वळायचा आपला काळ पावसाळ्याचा, म्हणूनच आपल्याकडे चातुर्मास आणि भिक्षूंचा वर्षावास. वाटा बंद झाल्या की माणूस थांबतो. आपल्या वाटा चिखल बंद करतो, त्याच्या बर्फाने बंद केल्या.

पहिल्या हिवाळ्याआधी त्याने धुराडं बांधलं, भिंतींना गिलावा केला. दुसऱ्या वर्षी लाकूड वाचावं म्हणून लहानशी लोखंडी शेगडी आणली. स्वयंपाक झाला, ऊबही मिळाली. पण जाळ दिसेनासा झाला आणि आपला सोबतीच गेला असं त्याला वाटलं. त्या लांबलचक संध्याकाळी तो त्याच रानात पूर्वी राहून गेलेल्यांना आठवत बसे. कॅटो, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन : गुलामीत दिवस काढलेली कृष्णवर्णीय माणसं. त्यांच्या घरांच्या जागी आता नुसते खळगे उरले होते. गावाने विसरलेल्या या शेजाऱ्यांवर त्याने लिहिलेली पानं मला त्याच्या झाडाझुडपांच्या वर्णनांहून मोलाची वाटतात.

सकाळी उठून पहिलं काम पाण्याचं. कुऱ्हाड आणि बादली घ्यायची, फूटभर हिम बाजूला सारायचं, खाली फूटभर जाडीचा बर्फ फोडायचा आणि गुडघे टेकून पाणी प्यायचं. पायाखाली उघडलेल्या त्या खिडकीतून मासे दिसत, आणि खालचा उजेड काचेतून झिरपल्यासारखा मंद. रात्री गोठलेलं तळं घुमायचं, कुशीवर वळणाऱ्या माणसासारखं.

१८४५ मध्ये तळं पुरतं गोठलं ते २२ डिसेंबरच्या रात्री. पुढच्या वर्षी १६ डिसेंबरला. या तारखा त्याने टिपून ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते त्याच्या साधनेचं मर्म या टिपणवहीत आहे. एकांतात मन रिकामं करायचं, असं आपण ऐकत आलो. थोरोने उलट केलं. तो मोजत बसला.

वॉल्डनला तळच नाही, अशी गावात समजूत होती. १८४६ च्या सुरुवातीला, बर्फ फुटायच्या आत, तो होकायंत्र, साखळी आणि दोरी घेऊन तळ्यावर गेला. कॉड मासे धरायची दोरी, टोकाला दीडेक पौंडाचा दगड. दगड तळावरून सुटला की दोरी ओढायला एकदम जड लागते, त्यावरून तळ कळतो. शंभराहून जास्त ठिकाणी दोरी सोडून त्याने नकाशा काढला. सर्वांत जास्त खोली भरली १०२ फूट. आजच्या मोजणीतही जवळपास तेवढीच भरते. नकाशावर त्याला आणखी एक गोष्ट दिसली : तळ्याची सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद रेघ जिथं छेदतात, तिथंच तळं सर्वांत खोल. मग त्याने हाच हिशेब माणसाला लावला. माणसाच्या रोजच्या वागण्यातून अशाच दोन रेघा ओढा. त्या जिथं मिळतील तिथं त्याच्या स्वभावाची खोली. भूमिती म्हणून हे कच्चं आहे. पण अथांगाचं कौतुक करत बसण्यापेक्षा दोरी सोडून पाहणारा हा माणूस मला अधिक धार्मिक वाटतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एकांत मोडला. शंभरेक आयरिश मजूर करवती घेऊन आले आणि तळ्यावरचा बर्फ कापू लागले. न्यू इंग्लंडचा बर्फ तेव्हा भुशात गुंडाळून जहाजांनी जगभर जाई. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोचवला होता. मग मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. मद्रासचं अजून उभं आहे, १८९७ मध्ये विवेकानंद तिथं राहिले होते.

थोरो मजुरांवर चिडला नाही. तो सकाळी भगवद्गीता वाचत असे, विल्किन्सच्या १७८५ च्या इंग्रजी भाषांतरातून. आपल्या विहिरीचं पाणी उद्या मुंबई-मद्रासची घामेजली माणसं पिणार आणि वॉल्डनचं पाणी गंगेला मिळणार, ही कल्पना त्याला भारी आवडली. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आहे, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. हिवाळ्याची प्रकरणं त्यात जरूर वाचा.

तो बर्फ बहुतांशी मुंबईला आलाच नाही. काठावर ३५ फूट उंचीचा, दहा हजार टनांचा ढीग रचून, गवत आणि फळ्यांनी झाकून ठेवला होता. जुलैत थोडा उचलला, बाकीचा तिथंच राहिला. थोरोने ६ सप्टेंबर १८४७ रोजी झोपडी सोडली. ढीग त्यानंतर आणखी वर्षभर टिकला. १८४८ च्या सप्टेंबरात तो पुरता विरघळला आणि पाणी तळ्यात परत गेलं.