पुण्यातील जपानी उद्यान : पाहावे कसे, घ्यावे काय?

अहिल्यानगरलगतचे नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु या परिसराला उद्यानांची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीत शहराच्या उत्तरेस भिस्तबाग आणि आग्नेयेस फराहबाग निर्माण झाली. दोन्हीकडे महाल तलावाच्या मध्यभागी होता. आधी पाणी, मग बाग, हा क्रम अवर्षणप्रवण प्रदेशाने तेव्हाच ओळखला होता. सुदूर जपानमधील उद्यानकलेचाही पाया हाच आहे. तिचे दर्शन नागापूरहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात घडू शकते.

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक आहे. सुमारे दहा एकरांच्या या उद्यानासाठी जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन हे उद्यान आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आले. कालव्याचे पाणी वळवून प्रवाहाच्या रूपाने ते येथे खेळविले आहे. तळी, पूल, हिरवळीचे उंचवटे आणि वळणावळणाच्या पायवाटा ही त्याची मुख्य अंगे होत.

नावातील बोध

कोराकुएनची उभारणी तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेने १६८७ मध्ये सुरू झाली आणि १७०० मध्ये ते पूर्णत्वास गेले. बाग सरदाराच्या विसाव्यासाठी असली, तरी ठराविक दिवशी प्रजेलाही प्रवेश मिळे. १८७१ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ‘नंतर उपभोगावयाच्या आनंदाचे उद्यान’ असा त्याचा आशय आहे. राज्यकर्त्याने लोकांच्या चिंता सर्वांआधी वाहाव्यात आणि सुख सर्वांनंतर भोगावे, या प्राचीन चिनी विचारातून ते आले. लोकप्रतिनिधींनी मनन करावे, असा हा विचार आहे.

१८८४ मध्ये हे उद्यान ओकायामा प्रांताच्या ताब्यात आले. १९३४ चा महापूर आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत त्याची मोठी हानी झाली. तथापि जुनी चित्रे व नकाशे जतन केलेले असल्यामुळे त्याची पूर्ववत पुनर्बांधणी करता आली. दप्तर नीट ठेवण्याचे मोल यावरून ध्यानात येते.

पाहण्याची रीत

जपानी उद्यानाचे हे फेरफटक्याचे स्वरूप एका जागी उभे राहून कळत नाही. पायवाट मुद्दाम वळविलेली असते. एका वळणावर झाडीआड दडलेले तळे पुढच्या वळणावर अकस्मात नजरेस पडते. कुंपणापलीकडचे दृश्यही रचनेत सामावून घेतले जाते. कोराकुएनमध्ये ओकायामाचा किल्ला व मिसाओ टेकडी अशाच रीतीने बागेचा भाग बनली आहेत. तेथे भातखाचर आणि चहाचा मळाही आहे. शेती ही सौंदर्याला परकी मानलेली नाही.

शिक्षकांनी सहल नेताना विद्यार्थ्यांना लहान गटांत, सावकाश फिरवावे. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे जाते, याचा नकाशा प्रत्येकाने काढावा. वाट सोडून हिरवळीवर न जाणे हा शिस्तीचा पहिला पाठ होय.

आपल्या गावासाठी

टंचाईग्रस्त गावांनी तळी व हिरवळ यांचे अनुकरण करण्याची गरज नाही. जपानमध्येच ‘कारेसान्सुई’ ही कोरडी उद्यानपद्धती आहे. क्योतो येथील र्‍योआनजी मंदिरात पांढऱ्या खडीवर पंधरा दगड मांडले आहेत. खडीवर ओढलेल्या रेघा पाण्याच्या लाटा सुचवितात. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारातही स्थानिक दगड, मुरूम, कमी पाण्यावर तगणारी देशी झाडे आणि छपरावरून उतरणारे पावसाचे पाणी यांतून सुंदर कोपरा तयार होऊ शकतो.

अनेक ठिकाणी समारंभपूर्वक लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात करपतात. कारण लागवडीचा खर्च मंजूर होतो, पण पाणी कोण घालणार, हे ठरलेले नसते. जपानी बागेत देखभाल हा कलेचाच भाग असतो. पाने झाडणे, फांद्या छाटणे, खडी सारखी करणे हे काम अखंड चालते. म्हणून ग्रामसभेने रोपांची संख्या ठरविण्यापूर्वी पाण्याचा स्रोत आणि राखणदाराची जबाबदारी निश्चित करावी. दहा झाडे लावून दहाही जगविणारे गाव, शंभर लावून विसरणाऱ्या गावापेक्षा अधिक हिरवे होईल.