सूकरीचे मातृवर्तन : स्वभाव आणि निवास

डुकरीण आपल्या पिलांची कितपत काळजी घेते, हे तिच्या स्वभावावर अवलंबून असते की तिला मिळालेल्या निवासावर, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः ही दोन कारणे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत.

प्रथम निसर्गक्रम पाहू. सुमारे ११५ दिवसांच्या गर्भकालाच्या अखेरीस मादी कळपापासून दूर जाते, जमीन उकरते आणि गवत व काटक्या तोंडाने आणून घरटे रचते. स्टोल्बा व वुड-गश यांनी एडिंबरोनजीक निम-नैसर्गिक कुरणात पाळीव डुकरे ठेवून केलेले निरीक्षण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या माद्यांनीही अशीच घरटी रचली. म्हणजे माणसाळण्याने ही प्रेरणा नष्ट झालेली नाही.

वराहगृहात मात्र दुसरी अडचण उभी राहते. मादीचे वजन दोनशे किलोग्रॅमहून अधिक, तर नवजात पिलाचे जेमतेम दीड किलोग्रॅम. आई आडवी होताना पिले चिरडून मरतात. यावर उपाय म्हणून लोखंडी दांड्यांचा प्रसूतिपिंजरा रूढ झाला. त्यात मादीला वळताही येत नाही. चिरडण्याचे प्रमाण त्यामुळे घटते. परंतु घरटे रचण्याची प्रेरणा कायम राहून साधन व जागा नसल्याने मादी अस्वस्थ होते व दांड्या चावू लागते.

येथे स्वभावाचा प्रश्न येतो. अँडरसन, बर्ग व ब्यो यांनी नॉर्वेमध्ये मोकळ्या कप्प्यांतील माद्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी एकही पिलू चिरडले नाही, त्या माद्या घरटे अधिक रचीत, पिलाच्या आर्त स्वराला लवकर प्रतिसाद देत आणि अंगस्थिती बदलताना पिलांना नाकाने अधिक वेळा स्पर्श करीत. चिरडणे हा सर्वस्वी अपघात नव्हे, हे यावरून दिसते.

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पिंजऱ्यात सावध आणि बेफिकीर आईमधील भेद झाकला जातो. तेथे केवळ पिलांच्या संख्येवरून पैदाशीची निवड केली, तर मातृगुणाची परीक्षाच होत नाही. उलटपक्षी, केवळ पिंजरा काढून टाकला आणि पेंढा, पुरेशी जागा व योग्य स्वभावाची मादी यांचा विचार केला नाही, तर त्याची किंमत पिले आपल्या प्राणांनी देतात. स्वीडनने १९८८ च्या प्राणिसंरक्षण कायद्याने माद्या मोकळ्या ठेवण्याचा मार्ग पत्करला. अशा ठिकाणी निवासाची सुधारणा आणि स्वभावाची निवड ही दोन्ही कार्ये बरोबरच चालली पाहिजेत.