दिघ्याचे पाणी आणि पाण्यातून पसरणारे आजार : एक मागोवा

पारसिक डोंगराचा पायथा आणि ठाणे-बेलापूर रस्ता यांच्या दरम्यान वसलेल्या दिघ्याचा ब्रिटिश अमदानीपासूनचा इतिहास पाहिला, तर या परिसरात पाणी साठवण्याची आणि वाहून आणण्याची व्यवस्था फार पूर्वीच आली, मात्र त्या पाण्यावरच्या हक्काच्या क्रमवारीत येथील रहिवासी दीर्घकाळ शेवटी राहिले, असे स्पष्ट दिसते. इलठणपाड्याचे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधले गेले आणि ती इंजिने बंद झाल्यावर त्याचे पाणी दीर्घकाळ वापराविना पडून राहिले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले व त्यांच्यासाठी बारवी धरणाचे पाणी आले. परंतु त्या कारखान्यांत राबणाऱ्या श्रमिकांच्या वस्त्या डोंगरउतारावर जशा जमेल तशा वाढत गेल्या आणि नळ, गटार व शौचालय या सोयी त्यांच्या मागून, तुकड्यातुकड्याने पोहोचल्या.

या विलंबाची किंमत आरोग्याला चुकवावी लागते. विषमज्वर, म्हणजे साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होणारा टायफॉइड, तसेच पटकी, अतिसार आणि हिपॅटायटिस ए व ई या विषाणूंमुळे होणारी कावीळ हे आजार रुग्णाच्या विष्ठेतील जंतू दुसऱ्याच्या पाण्यात किंवा अन्नात गेल्याने पसरतात. पाणीपुरवठा ठरावीक तासांपुरताच असेल, तर उरलेल्या वेळी जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि गटारालगत गेलेल्या वाहिनीच्या फुटक्या सांध्यांतून सांडपाणी आत ओढले जाते. म्हणूनच नळाच्या टोकाशीही प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. घरात पिंपांत साठवलेले पाणी हाताने किंवा भांडे बुडवून काढले जाते, तेव्हा शुद्ध केलेले पाणीही पुन्हा दूषित होऊ शकते.

१९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि पुढे खालापूरजवळील मोरबे धरण ताब्यात आल्याने शहर पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण म्हणून ओळखले जाऊ लागले; तरीही दिघ्यासारख्या टोकाच्या भागाला औद्योगिक महामंडळाच्या पुरवठ्यावर दीर्घकाळ विसंबून राहावे लागले. घराच्या कायदेशीर दर्जाचा प्रश्नही येथे तीव्र झाला, कारण २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातील अनधिकृत इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. त्याच न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये, पाणी हक्क समितीच्या मुंबईतील याचिकेवर, पाण्याचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचा भाग असून वस्ती अनधिकृत आहे म्हणून तो पूर्णपणे नाकारता येत नाही, असे बजावले होते. रोगजंतू सातबारा पाहून घरात शिरत नाहीत. त्यामुळे हा निर्णय सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही मोलाचा ठरतो.

या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा म्हणजे २०१८ चा जुलै आणि ऑगस्ट. ज्या महापालिकेचा दिघा हा एक विभाग आहे, त्या नवी मुंबई महापालिकेने टायफॉइड संयुग्म लस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातील शर्करा एका प्रथिनाशी जोडून तयार केलेली व लहान बालकांनाही चालणारी लस, सार्वजनिक कार्यक्रमातून देण्यास सुरुवात केली, आणि असे करणारी ती जगातील पहिली यंत्रणा ठरली. पहिल्या टप्प्यात शहरातील २२ पैकी ११ नागरी आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली गेली आणि नंतरच्या पाहणीत लसीकरण झालेल्या क्षेत्रांत टायफॉइडचे प्रमाण कमी आढळले.

हे यश मोठे असले, तरी ही लस पटकी, कावीळ वा अतिसार रोखत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या चेतासंस्थेच्या विकाराचे रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जिवाणू आढळला, तेव्हा हीच मर्यादा पुन्हा अधोरेखित झाली. म्हणून लस ही तातडीची ढाल मानून तिच्या आडोशाला गळक्या वाहिन्या बदलणे, त्या गटारापासून दूर नेणे, क्लोरीनची तपासणी शेवटच्या नळापर्यंत करणे आणि प्रत्येक कुटुंबाला वापरण्याजोगे शौचालय मिळवून देणे, ही कामे पूर्ण केली पाहिजेत. इंजिनांना आणि कारखान्यांना ज्या तत्परतेने पाणी मिळाले, तीच तत्परता माणसांच्या वाट्याला येणे हा दिघ्याचा न्याय्य हक्क आहे.