गुलामांच्या जहाजाचा तळ आणि करुणरस

संग्रहालय म्हटले की काचेचे कपाट, आत वस्तू आणि खाली माहितीची चिठ्ठी, असेच चित्र आमच्या पिढीच्या मनात असते. गुलामगिरीचा इतिहास मांडणाऱ्या अमेरिकेतील संग्रहालयांनी ही चौकट मोडली. ती प्रेक्षकाला प्रसंगाच्या आतच नेऊन उभा करतात. डेट्रॉइटच्या चार्ल्स एच. राइट संग्रहालयात गुलामवाहू जहाजाचा तळ उभारला आहे. काळोख, कण्हण्याचे आवाज आणि दाटीवाटीने निजविलेल्या पूर्णाकृती मानवी प्रतिमा यांमधून आपण वाट काढतो.

आयुष्यभर काव्यशास्त्र शिकविल्यामुळे मला येथे एक अडचण जाणवते. रंगमंचावरील दुःखाचे साधारणीकरण होते, ते कोणा एकाचे राहत नाही, म्हणून करुणरसही आस्वाद्य ठरतो, असे आपले आचार्य सांगतात. परंतु हे दुःख असे आस्वाद्य होऊ द्यावे काय? ते विशिष्ट माणसांचे होते. शिवाय अटलांटिक ओलांडण्यास त्यांना कित्येक आठवडे लागत. आपण काही मिनिटांत उजेडात येतो आणि ‘अनुभव घेतला’ म्हणून मोकळे होतो!

वॉशिंग्टनमध्ये २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने, माझ्या मते, अधिक संयम पाळला. तेथेही युक्ती आहेच. लिफ्ट जमिनीखाली उतरू लागते तशी भिंतीवरील सनावळी मागे मागे जाते आणि आपण पंधराव्या शतकात पोचतो. मात्र खालच्या मंद प्रकाशाच्या दालनात ‘सांव जुझे’ या पोर्तुगीज जहाजावरील गंजक्या लोखंडी लगडी ठेवल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेकडून त्या उसन्या आणल्या होत्या. मोझांबिकहून ५०० हून अधिक बंदी घेऊन ब्राझीलकडे निघालेले हे जहाज डिसेंबर १७९४ मध्ये केपटाउनजवळ फुटले. २०० हून अधिक बंदी बुडाले. वाचलेल्यांची तेथेच विक्री झाली. (याच मोझांबिकहून पोर्तुगिजांनी आपल्या गोव्यातही गुलाम आणले होते, आपल्या शालेय इतिहासात ते क्वचितच येते.)

लोखंड कशासाठी? माणसे हा हलका आणि हालचाल करणारा ‘माल’. तो भरलेले जहाज कलंडू नये म्हणून तळाशी जड भार घालावा लागे. म्हणजे माणसांच्या वजनाची तूट कोणीतरी आधीच हिशेबात धरली होती. लिस्बनहून निघतानाच्या कागदपत्रांत या लगडींची नोंद होती, आणि समुद्रतळाशी सापडलेले अवशेष याच जहाजाचे आहेत हे ठरविताना संशोधकांना ती नोंद उपयोगी पडली.