सव्वा महिन्याआधी बाळ बाहेर काढायचं का?

‘सव्वा महिना झाल्याबिगर लेकराला उंबऱ्याबाहेर काढू नये.’ लाखांदूरपासून तुमसरपर्यंत, भंडारा जिल्ह्यात बाळंतिणीच्या घरी हे वाक्य ठरलेलं. त्यात शहाणपणही आहे. गर्दीपासून आणि खोकणाऱ्या पाहुण्यांपासून बाळ लांब राहतं. पण डॉक्टरकडे नेणं म्हणजे लग्नाला नेणं नव्हे. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात.

‘दवाखान्यातून सोडलं तेव्हा तर सगळं ठीक होतं.’ होतंच. साधी प्रसूती असली की साधारण ४८ तासांनी सुट्टी मिळते. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी देऊन झालेलं असतं, पुढची लस दीड महिन्याने. कावीळ मात्र बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे बाळ घरी पोचल्यावर. म्हणून घरी आल्यापासून दोन-तीन दिवसांत बाळ एकदा दाखवावं, ठणठणीत दिसत असलं तरी.

‘कोवळ्या उन्हात धरलं की कावीळ उतरते.’ हा समज अगदीच हवेतला नाही. १९५६च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात बाळांना उन्हात नेणाऱ्या एका सिस्टरच्या लक्षात आलं की, ऊन लागलेल्या जागी कातडीचा पिवळेपणा कमी होतो; निळ्या प्रकाशाचा उपचार पुढे त्यातूनच आला. पण अंगणातलं ऊन मोजून देता येत नाही, आणि उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं. पहिल्या २४ तासांतच दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ उन्हावर सोडायची नाही. रक्तात पिवळेपणा आणणारं बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते. पेटीतली जुनी दुपटी काढताना आणखी एक बघा: काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असतं, आणि कपड्यांतल्या डांबरगोळ्यांमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झपाट्याने वाढते.

वजन उतरलं म्हणून पावडरचा डबा आणायची घाई नको. पहिल्या दिवसांत जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट होते आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते. दूध पुरतंय का, हे ओल्या लंगोटांवरून कळतं: पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा. शंका असेल तर काट्यावर ठेवून बघायचं, अंदाजाने नाही.

‘गुणी आहे हो, रडतच नाही!’ या कौतुकाची मला सर्वांत धास्ती वाटते. अंगावर ओढायचं सोडलेलं, हलवल्याशिवाय हालचाल न करणारं, अंग गार पडलेलं बाळ गुणी नसतं, आजारी असतं. इतक्या लहान बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

‘आशाताई येऊन जाते, मग डॉक्टर कशाला?’ दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी यायचं असतं. या घरभेटींचं मोल वैनगंगेच्याच खोऱ्यात, गडचिरोलीत सिद्ध झालं: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत केलेल्या कामातून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. तरी आशाताई बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत नाही. धोका ओळखून पुढे पाठवणं हे तिचं काम. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर तिथल्या आशाताईला आवर्जून कळवा. सासरच्या गावच्या यादीतलं नाव माहेरी आपोआप जात नाही.

राहिली भीती. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर ‘पेटीत ठेवतील’ म्हणून कुणी कचरत असेल, तर त्याला अडाणी म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. कक्षात आगीची काय व्यवस्था आहे, हे विचारायचा आईबापांना पूर्ण हक्क आहे. पण तपासणीला नेणं म्हणजे भरती करणं नव्हे. वाढत चाललेली कावीळ वेळेवर सापडली, तर रक्त बदलण्याची पाळी बहुधा टळते.

आणि रोवणीच्या दिवसांत हाती पैसा नसला, तरी सरकारी दवाखान्यात आजारी बाळावर वर्षभरापर्यंत उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. गाडीसाठी १०२ क्रमांक.